निमंत्रक कोण? एका पुनर्विवाहाच्या पत्रिकेचं प्रकरण

वधू ४१ वर्षांची. नवरा गेला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, आता ती तेरा वर्षांची आहे. माहेर साताऱ्याचं, वडील हयात नाहीत, आई आणि थोरला भाऊ आहे. सासर पुण्याचं, आणि नवऱ्याच्या माघारी ती सासू-सासऱ्यांबरोबरच राहिली. वर ४५ वर्षांचा, परस्परसंमतीने घटस्फोट झालेला. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा आईकडे राहतो आणि शनिवार-रविवारी वडिलांकडे येतो. वराचे आई-वडील नाशिकला. लग्न नोंदणी पद्धतीने करायचं आणि त्याच संध्याकाळी पुण्यात ऐंशी-नव्वद माणसांचं जेवण ठेवायचं, इतकं दोघांनी ठरवलं होतं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि नावं कुठेच दिलेली नाहीत.

पुनर्विवाह करणाऱ्यांना पत्रिकेचा मजकूर लिहून देण्याचं काम मी करते. ही दोघं आली ती एक प्रूफ घेऊनच. वधूच्या भावाने ओळखीच्या छापखान्यातून ते करून आणलं होतं. छापखान्यात मजकूर तयार असतो, नावं बदलायची आणि छापायचं. वर कुलस्वामिनी प्रसन्न, मग 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.', वराच्या नावामागे 'चि.', खाली निमंत्रक म्हणून भाऊ आणि तळाला किलबिल: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं', त्याखाली भावाच्या दोन मुलांची नावं. सासू-सासऱ्यांचा उल्लेख नाही. वधूच्या मुलीचं नाव नाही, वराच्या मुलाचंही नाही. अनोळखी माणसाने हे प्रूफ वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, पंचविशीतल्या मुलीचं पहिलं लग्न आहे. वधू म्हणाली, "यात माझं नाव आहे, पण गेली पंधरा वर्षं नाहीत."

भावाने काही लपवायचं म्हणून हे केलेलं नव्हतं. आपल्याकडच्या पत्रिकेचा साचाच वडिलांच्या घरून निघणाऱ्या मुलीसाठी घडलेला आहे. त्यात एखादा शब्द बदलून भागत नाही, म्हणून आम्ही कोऱ्या कागदावरून सुरुवात केली.

बोलावणं कोणाचं

भावाचं म्हणणं सरळ होतं. वडील नाहीत, तेव्हा बहिणीच्या लग्नात त्यांच्या जागी तो. पहिल्या लग्नाच्या पत्रिकेवर वडिलांचं नाव होतं, या पत्रिकेवर त्याचं असायला हवं. यामागे एक भीतीही होती आणि ती त्याने दुसऱ्या भेटीत बोलून दाखवली: सासऱ्यांच्या नावाने बोलावणं गेलं तर गावात म्हणतील, माहेरच्यांनी हात झटकले.

सासरे वहीच्या कागदावर स्वतःच्या हाताने मजकूर लिहून घेऊन आले होते. 'आमची सून, जी आता आमची लेकच आहे, तिचा विवाह योजिला आहे' अशी त्याची सुरुवात. पुढे मुलगा गेल्यावर तिने दोघांना कसं सांभाळलं याबद्दल चार ओळी. तिला सन्मानाने पाठवतो आहोत, हे त्यांना छापील शब्दांत हवं होतं.

मी दोन्ही मजकूर बाजूला ठेवायला सांगितले. भावाच्या मजकुरात अर्धं घर गायब होतं. सासऱ्यांचा मजकूर अगदी पोटातून आलेला होता, पण ते भाषण होतं, पत्रिका नव्हे. ती ओळ वाचणारा प्रत्येक जण आधी तिच्या वैधव्याचा विचार करणार आणि मग लग्नाचा. वराच्या नाशिकच्या नातेवाइकांच्या हातात तर ती पत्रिका म्हणजे दुसऱ्या घरातल्या दुःखाची हकीकतच पडली असती. सासऱ्यांना मी म्हटलं, हा कागद जपून ठेवा, जेवणाच्या वेळी उभं राहून वाचा.

या बाबतीत माझं मत पक्कं आहे. चाळिशी ओलांडलेली, कमावणारी, मुलं वाढवणारी दोन माणसं स्वतःच्या खर्चाने लग्न करत असतील तर बोलावणं त्यांनीच करावं. 'आम्ही दोघे विवाहबद्ध होत आहोत' या एका वाक्याने निमंत्रक कोण हा वाद बराचसा मिटतो आणि कोणाला तरी कोणीतरी 'देण्याची' भाषाही आपोआप गळून पडते. वडीलधाऱ्यांची नावं खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून येतात. दाराशी उभं राहून ती माणसं खरोखरच स्वागत करणार असतात, त्यामुळे तो शब्द नुसता शोभेचा राहत नाही.

भावाला हे पटायला वेळ लागला. नावांच्या जागा म्हणजे नुसतं मानपान, असं त्याला वाटत होतं. मी त्याला १८६९ची गोष्ट सांगितली. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. पण मुंबईत समाजसुधारक विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने पुनर्विवाह झाला तेव्हा त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणाऱ्यांवर बहिष्कार पडला. महादेव गोविंद रानडे त्यांच्यातले एक. लग्न करणाऱ्यांइतकाच राग लग्नाला बोलावणाऱ्यांवर निघाला होता. तुमच्या बहिणीच्या गेलेल्या नवऱ्याचे वडील तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर आपलं नाव घाला म्हणून स्वतःहून आले आहेत, त्याचं मोल ओळखा, एवढंच मी म्हटलं. तो गप्प राहिला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, की आईचं नाव आधी, मग त्यांचं, आणि त्यांच्या खाली माझं चालेल.

नावामागे काय, नावात काय

'चि. सौ. कां.' काढलं. वधूला ते नकोच होतं. सौभाग्याची आकांक्षा असलेली ही कोवळी बिरुदावली मुलीची आई असलेल्या बाईच्या नावामागे तिला अवघडवाणी वाटत होती. साताऱ्याच्या एका आत्याबाईंचं म्हणणं, विधवेच्या नावामागे ते लावतच नाहीत. कारण चुकीचं होतं, पण निघालं ते बरं झालं. मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. वधूचं 'चि. सौ. कां.' काढून वराचं 'चि.' तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याच्या नजरेला ती उणीव लगेच टोचते. म्हणून दोघांच्याही नावामागे काहीच नाही. 'पुनर्विवाह' हा शब्द पत्रिकेवर असावा का, असं वराच्या वडिलांनी विचारलं; लपवल्यासारखं वाटायला नको, हा त्यांचा हेतू. मी नको म्हटलं. ज्यांना बोलावतो आहोत त्यांना ते माहीतच आहे, आणि लग्न हे लग्नच असतं.

आडनावावर वधूला स्वतःलाच संकोच होता. दिवंगत नवऱ्याचं आडनाव नव्या लग्नाच्या पत्रिकेवर कसं छापायचं? पण मुलीची शाळा, बँक, नोकरी सगळीकडे तेच आहे आणि ते बदलायचा तिचा विचार नाही. मग आज कागदोपत्री जे नाव आहे तेच पत्रिकेवर. विवाह अधिकाऱ्याकडे दिलेल्या नोटिशीतही तेच होतं. धार्मिक विधीने लग्न करून नंतर नोंदणी करणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं, कारण महाराष्ट्रात नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका पुरावा म्हणून मागितली जाते. तिथे नाव एक आणि ओळखपत्रावर दुसरं असलं की प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

यापेक्षा नाजूक मागणी सासूबाईंची होती. पत्रिकेच्या वरच्या बाजूला, जिथे 'कै. अमुक यांच्या आशीर्वादाने' असं छापतात, तिथे त्यांच्या मुलाचं नाव यावं. वर म्हणाला, माझी हरकत नाही. मला त्याच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं, तरीही मी ते घालू नका असंच सांगितलं. त्या जागेवर आजोबा-पणजोबा असतात. गेलेल्या जोडीदाराकडून नव्या लग्नाला आशीर्वाद वदवून घेणं हे त्याच्यावरही लादणं आहे आणि जिवंत असलेल्यावरही.

सासूबाईंची समजूत निघाली ती अनपेक्षित जागी. नातीचं नाव पत्रिकेत येणार होतं, आणि आपल्याकडे मुलीचं पूर्ण नाव लिहिलं की मधे वडिलांचं नाव येतंच. तिच्या नावातून तो पत्रिकेवर आला, त्यासाठी कसलीही वेगळी ओळ लिहावी लागली नाही. वधूच्या आईच्या बाबतीतही तसंच. 'श्रीमती', मग त्यांचं नाव, मग वडिलांचं. वडिलांसाठी 'कै.' लावून वेगळी ओळ घालायचं भावाच्या मनात होतं, त्याची गरज उरली नाही.

मुलांची ओळ

तेरा वर्षांच्या मुलीने 'किलबिल' या शब्दाला पहिल्याच झटक्यात नकार दिला. रास्त होतं. मग 'आमच्या आई-बाबांच्या लग्नाला या' अशी ओळ कोणीतरी सुचवली. ती म्हणाली, "माझे बाबा गेलेत. मी त्यांना काका म्हणते." ती चिडून बोलली नाही, पण तिने ते दोनदा सांगितलं. पुनर्विवाहाच्या पत्रिकेत मोठी माणसं हौसेने मुलांच्या तोंडी शब्द घालतात आणि ते नातं अजून रुजलेलंही नसतं. छापलेलं वाक्य मग मुलांना शाळेत, बसमध्ये, मैत्रिणींच्या फोनवर भेटत राहतं. मुलांच्या नावाने जे छापायचं ते त्यांनी स्वतः वाचून हो म्हटल्याशिवाय छापू नये. लहान असली तरी.

मुलाला मात्र 'यायचं हं' हवंच होतं, त्याच्या मामाच्या लग्नात तसं छापलेलं त्याने पाहिलं होतं. दोघांनी मिळून ठरवलेली ओळ अशी: 'आमच्या घरच्या लग्नाला नक्की यायचं हं!' 'घरच्या' या शब्दाला दोघांचीही हरकत नव्हती. भावाची मुलंही त्याच ओळीखाली आली.

पत्रिकेआधी ज्यांना सांगायचं

या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग मजकुराबाहेर होता, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा तिथेच असतो. ही बातमी पत्रिकेतून कळता कामा नये अशी काही माणसं असतात. ती यादी मी छापायच्या यादीआधी करायला लावते. इथे ती अशी निघाली: वराची पूर्वीची पत्नी, दोन्ही मुलं, आणि वधूची नागपूरला राहणारी नणंद.

वराला पूर्वीच्या पत्नीशी बोलायची इच्छा नव्हती. कायद्याने तिला कळवायचं बंधन नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण मुलगा तिच्या घरी राहतो. त्याला आधी सांगितलं की बातमी घरी घेऊन जायचं ओझं त्या नऊ वर्षांच्या पोरावर पडतं, आणि आईचा चेहरा कसा होतो ते पाहायचंही. म्हणून आधी तिला, मग मुलाला. फोन नको असेल तर मेसेज चालतो, फक्त तो छोटा आणि कामापुरता हवा. आम्ही लिहिला तो असा (तारीख इथे गाळली आहे):

'मी लग्न करतो आहे. शुक्रवारी नोंदणी आहे. मुलाला येत्या शनिवारी सांगणार आहे, त्याआधी तुला माहीत असावं म्हणून लिहितो. पत्रिकेत त्याचं नाव घालायचं आहे, हरकत असेल तर सांग. त्या शुक्रवारी त्याला माझ्याकडे पाठवशील का?'

त्यात खुलासा नाही, जुन्या गोष्टी नाहीत, 'तुलाही शुभेच्छा' नाही. उत्तर रात्री आलं: 'अभिनंदन. नाव घाल. शुक्रवारी त्याची परीक्षा आहे, अकरानंतर घेऊन जा.' नोंदणी सकाळी साडेदहाची ठरत होती, ती दुपारवर नेली. विचारलं नसतं तर मुलगा नोंदणीला नसताच, आणि हे पत्रिका छापून झाल्यावर कळलं असतं.

नणंदेच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. तिला आपण सांगू, असं सासऱ्यांनी वधूला बजावलं होतं आणि गेलेल्या भावावर तिचा फार जीव, म्हणून ते योग्य वेळेची वाट पाहत राहिले. तेवढ्यात साताऱ्याच्या भावाने ते पहिलं प्रूफ 'कसं वाटतंय?' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं. एका मावसबहिणीने ते पुढे पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचलं. त्यात तिच्या आईवडिलांचं नाव नाही, भाचीचं नाव नाही. तिने वडिलांना फोन केला: माझ्या वहिनीचं लग्न मला फॉरवर्डमधून कळतं? त्यानंतर तिने वधूचा फोन उचलला नाही.

भावाने ग्रुपवर माफी लिहायची तयारी दाखवली. मी थांबवलं. जी गोष्ट फोनवरच्या चित्रातून दुखावून गेली, ती त्याच फोनवरच्या मजकुराने भरून येत नाही. आधी सासऱ्यांनी बोलायचं, कारण सांगायचं त्यांनी ठेवलं होतं, आणि मग वधूने जायचं. ती मुलीला घेऊन नागपूरला गेली. नणंदेने पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, की यापुढे दिवाळीला मी कुठे यायचं? भाऊ गेल्यावरही ती दर भाऊबीजेला पुण्याला येत होती आणि भाचीला ओवाळत होती. वधूने सांगितलं, आईबाबांकडेच, मी आणि ही तिथे असू. नवं घर चालत जाण्याच्या अंतरावर घेतलंय. लग्न, पत्रिका, वर कोण काय करतो, हे सगळं दुसऱ्या दिवशी विचारलं गेलं. म्हणून मी यादी करायला लावते तेव्हा सोबत एक प्रश्न लिहायला सांगते: या माणसाला या लग्नामुळे काय गमावण्याची भीती वाटेल? त्याचं उत्तर तोंडी आधी द्यायचं, पत्रिका नंतर.

तारीख आणि छपाई

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते, हरकतीसाठी ३० दिवस असतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं. म्हणजे पत्रिका निघण्याआधीच नावं फलकावर असतात. तोंडी सांगायची माणसं नोटिशीच्या आधीच सांगून झालेली असावीत, हे त्याचं आणखी एक कारण. कागदपत्रांत वधूने पहिल्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि वराने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडली. त्याचा घटस्फोट संमतीचा आणि जुना, त्यामुळे अडचण नव्हती. घटस्फोट लढून मिळालेला असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत उलटेपर्यंत थांबावं लागतं. कलम २८ प्रमाणे ती ९० दिवसांची आहे. त्याच्या आतली तारीख पत्रिकेवर छापून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा आधी वकिलाला विचारा आणि मग हॉल धरा.

छापलेला मजकूर असा झाला. नावांच्या जागी इथे नाती लिहिली आहेत, तारीख आणि पत्ता गाळला आहे:

॥ श्री गणेशाय नमः ॥
सस्नेह निमंत्रण
आम्ही दोघे, (वधू) आणि (वर), शुक्रवारी नोंदणी पद्धतीने विवाहबद्ध होत आहोत. त्यानिमित्त त्याच दिवशी सायंकाळी ७ वाजता योजलेल्या स्नेहभोजनास आपण सहकुटुंब अगत्य यावे, ही आग्रहाची विनंती.
स्वागतोत्सुक: श्रीमती (वधूची आई), सातारा. सौ. व श्री. (वधूचे सासू-सासरे), पुणे. सौ. व श्री. (वराचे आई-वडील), नाशिक. सौ. व श्री. (वधूचे भाऊ-वहिनी), सातारा.
आमच्या घरच्या लग्नाला नक्की यायचं हं! (मुलगी, मुलगा, भावाची मुलं)
कृपया आहेर आणू नये.

तीन घरांच्या तीन कुलदैवतांचा प्रश्न गणपतीने सोडवला. आहेराच्या ओळीवर कोणाचंच दुमत नव्हतं, दोन भरलेले संसार एकत्र येत होते. छापील पत्रिकेत स्वागतोत्सुकांच्या नावांपुढे नातं घातलं नाही, फक्त गाव. ज्यांना माहीत आहे त्यांना ते नावावरूनच कळतं.

वराच्या काही मित्रांशी त्याच्या पूर्वीच्या पत्नीचीही मैत्री आहे. त्यांना पत्रिकेबरोबर त्याने स्वतः फोन करून सांगितलं, की तिला माहीत आहे, तुम्ही आलात तर आनंद आहे, अवघड वाटत असेल तर नंतर घरी या. तिघे आले, एक जोडपं पुढच्या आठवड्यात घरी जेवायला गेलं.

भावाला साताऱ्यात घरोघरी पत्रिका द्यायला जायचं होतं. 'खाली सासऱ्यांचं नाव कसं?' असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्याने मला विचारलं. मी म्हटलं, खरं आहे तेच सांगा: ती त्यांच्या घरातली आहे, म्हणून. त्याने तसंच सांगितलं. साताऱ्याहून बरीच माणसं आली, आत्याबाई आल्या नाहीत. सासऱ्यांनी जेवणाआधी तो वहीचा कागद वाचला. नणंद लग्नाला आली नाही. तिने तसं आधीच वधूला फोनवर सांगितलं होतं, आणि कोणीही तिला आग्रह केला नाही.